उसना आवाज

कलेत उसनवारीचा प्रश्न निघाला की आपली समीक्षा एकाएकी न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसते. अमक्या लेखकाने तमक्याची शैली उचलली, या गायकाने त्या गायकाचा गळा घेतला, असे एकदा म्हटले की निकाल लागला. पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत मीही पुष्कळ वर्षे बाळगली. ती डळमळली ती एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, एका यंत्रामुळे. आणि तेही अशा यंत्रामुळे की ज्याचा सारा धंदाच उसनवारीचा आहे.

हे यंत्र म्हणजे इलेक्ट्रिक गिटारसाठी निघालेला डिजिटल ॲम्प मॉडेलर. माझे विज्ञान दहावीच्या पुस्तकापाशी थांबलेले आहे. तेव्हा ते जसे मला कळले तसे सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तारांखाली चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. गिटारची तार कंप पावली की या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उमटतो, तो ॲम्प्लिफायरकडे जातो, तेथे वाढतो, आणि स्पीकरच्या कागदी पडद्यातून बाहेर पडतो. म्हणजे आपल्या कानी येणाऱ्या स्वराचा पोत, ज्याला हे वादक 'टोन' म्हणतात, तो जितका गिटारचा तितकाच ॲम्प्लिफायरचा आणि स्पीकरचा. जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर या मंडळींना आजही प्रिय आहेत. पण ते जड, महाग आणि मोठे मानी: मोठ्या आवाजात वाजवल्याखेरीज आपला खरा रंग दाखवीत नाहीत. मॉडेलर हा सारा संसार गणितात पकडतो. ॲम्प्लिफायरचा प्रत्येक भाग कसा वागतो याची समीकरणे मांडायची आणि ती सेकंदाला ४८,००० वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा सोडवायची. लाइन सिक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने १९९८ साली 'पॉड' नावाचा, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा एक लाल डबा बाजारात आणला आणि ही कल्पना घरोघर पोहोचली. २०११ साली जर्मनीच्या केम्परने निराळी वाट धरली: खऱ्या ॲम्प्लिफायरमधून ठरावीक चाचणीचे आवाज पाठवायचे आणि त्याच्या उत्तरांवरून त्याची प्रतिमा तयार करायची. आता हेच काम शिकाऊ संगणकी जाळी करतात, आणि त्यांतले काही फुकटही मिळते.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या पुण्यास अभियांत्रिकीला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत असली एक पेटी घेऊन तो माझ्या घरी आला. दप्तरात मावेल एवढी ती पेटी. "सर, ह्यात शंभरावर ॲम्प आहेत. ऐका," असे म्हणून त्याने पायाने एक कळ दाबली, साठीच्या दशकातले लंडन वाजले. दुसरी दाबली, टेक्ससमधला कुठलासा दारूचा गुत्ता. मी थक्क झालो, आणि त्याच क्षणी थोडा उदासही झालो. आमच्या लहानपणी गावात बहुरूपी येत असे. कधी तो फौजदार असे, कधी पोस्टमन. सोंग असे की मुले फसत. पण त्याच्याकडे खरी फिर्याद घेऊन कोणी जात नसे. या पेटीकडे आपली फिर्याद घेऊन कोण जाईल, असे माझ्या मनात आले.

आणि ती पेटी नक्कल तरी कशाची करीत होती? हे समजून घेऊ लागलो तसा मी अधिकच गोंधळलो. कारण वादक ज्या टोनसाठी जीव टाकतात तो मुळात एक दोष आहे. व्हॉल्व्हच्या कुवतीबाहेरचा जोर त्याच्यावर आला की ध्वनिलहरीचे माथे सपाट होते. माथे दबले की मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्माला येतात. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने देते. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर त्या ताणाखाली उसळून वर येतात आणि स्वर जाड होतो, फाटतो, पेटतो. ॲम्प्लिफायर बनवणारे अभियंते पूर्वी हे होऊ नये म्हणून झटत होते.

या दोषाचा इतिहास अपघातांनी भरलेला आहे. १९५१ साली मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदाने 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. विली किझार्ट या गिटारवादकाचा ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला होता; गाडीवरून पडून म्हणा, पावसात भिजून म्हणा, कथा वेगवेगळ्या आहेत. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला, आणि त्या घरघरत्या आवाजासकट गाणे तसेच मुद्रित केले. १९६४ साली लंडनमध्ये किंक्स या वृंदाच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने स्वतःच्या हाताने चिरला. तेरा वर्षांत अपघाताची जागा इच्छेने घेतली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु या दोन घटनांच्या मध्ये तिसरी एक घडली होती, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. १९६१ साली मार्टी रॉबिन्स यांचे 'डोन्ट वरी' हे गाणे प्रसिद्ध झाले. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ग्रेडी मार्टिन यांचे वाद्य मुद्रणयंत्राच्या एका नादुरुस्त मार्गातून गेले आणि त्याचा स्वर भुंग्यासारखा गुणगुणला. तो आवाज लोकांना आवडला. तेव्हा ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने त्या बिघाडाची नक्कल करणारी विद्युत्‌योजना तयार केली. १९६२ साली ती 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने पेटीतून विक्रीस आली. म्हणजे दोषाची नक्कल करून ती विकणे हे डिजिटल युगाचे पाप नव्हे. बिघाड आणि त्याचे प्रतिरूप हे जवळजवळ जुळेच जन्मले.

मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी दुसरे काय? तार घोडीवरून स्वच्छ सुटली तर स्वर कोरडा लागतो. तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून ती घोडीला अगदी निसटती घासावी लागते. तेव्हा तो झणत्कार उठतो आणि त्यात गायकाला सारे स्वर दिसू लागतात. ती घासण खरे पाहता यंत्राची उणीव आहे. मिरजेच्या कारागिरांनी ती उणीव पिढ्यान्‌पिढ्या कानसून कानसून गुणाला पोचवली. तेव्हा दोषातून सौंदर्य निघते की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की, दोष जेव्हा यादीतून निवडता येतो, हवा तेव्हा लावता येतो आणि नको तेव्हा पुसता येतो, तेव्हा त्याचे काय होते?

हा प्रश्न मी एवढ्या आस्थेने विचारीत होतो याचे कारण गिटार नव्हे. त्याच सुमारास माझ्या दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित परत आले होते. कादंबरीची नायिका मी माझ्या आजीवरून घेतली होती. आजीची बोली मी तिच्या हयातीत वहीत टिपून ठेवली होती. तिचे तुटके क्रियापद, तिचे उलटे विशेषण, शपथ घेण्याची तिची तऱ्हा, सारे. त्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता, आणि मी तो पानोपानी घातला होता. संपादकांचे पत्र दोन ओळींचे होते. बोली अस्सल आहे, पण ती कोण बोलत आहे हे कळत नाही, असा त्याचा आशय. मला राग आला. आजीचे बोलणे मी ऐकले होते, त्यांनी नव्हते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या कानात शंभर ॲम्प्लिफायरांची ती पेटी वाजू लागे, आणि मला भीती वाटे की आपणही आजीची एक हुबेहूब प्रतिमा करून ठेवली आहे, तिच्यात आजी नाही.

जानेवारीत शाळेचे स्नेहसंमेलन झाले. माजी विद्यार्थी म्हणून तो मुलगा आपल्या बँडसह आला: ड्रम, बेस गिटार, गाणारी एक मुलगी आणि हा. त्याने वसतिगृहात रात्री जागून, कानाला हेडफोन लावून, एक टोन घडवला होता. हेडफोनमधून त्याने तो मला ऐकवला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. विस्तीर्ण, खोल, वर चांदण्यासारखा चकाकणारा. आणि संध्याकाळी आमच्या पत्र्याच्या सभागृहात त्या टोनचा विचका झाला. खालून घुमणे, वरून ओरखडे, मध्ये काहीच नाही. मुलीचे गाणे ऐकू येईना आणि त्याची गिटारही ऐकू येईना. मुख्याध्यापकांनी हाताने आवाज कमी करण्याची खूण केली. त्याने तो कमी केला, तशी गिटार पार नाहीशीच झाली.

याचे कारण कानात आहे, आणि ते फार पूर्वी सापडलेले आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की, आवाज हळू असतो तेव्हा आपल्या कानाला खर्जाचे आणि अतितारतेचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते पुढे सरसावतात. रात्री हळू आवाजात टोन घडवणारा माणूस ही उणीव भरून काढण्यासाठी नकळत खर्ज वाढवतो, वरची चमक वाढवतो. रंगमंचावर तीच भर डोईजड होते. शिवाय एकटेपणी गिटार सारी जागा आपलीच समजते. बँडमध्ये खालची जागा बेस गिटारची आणि ढोलाची असते, वरची झांजांची. उरतो तो मध्य, आणि नेमका तोच त्याने पोखरून टाकला होता, कारण एकांतात मध्य ऐकायला ओबडधोबड वाटतो.

संमेलन दोन दिवसांचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या सभागृहात त्याने टोन पुन्हा बांधायला घेतला. मी समोर बाकावर बसलो. माझे काम फक्त ऐकण्याचे. त्याने आधी सारे काढून टाकले: प्रतिध्वनी, घुमारा, दुहेरी स्वर, सगळे. गिटार, एक ॲम्प्लिफायर, एक स्पीकर, एवढेच ठेवले. आवाज संध्याकाळी लागेल तेवढा मोठा केला आणि मगच कळांना हात लावला. सुमारे १०० हर्ट्झच्या खालचे आणि ६,००० च्या वरचे कापून टाकले. गिटारचा खरा स्पीकरही साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे हात आखडताच घेतो. स्पीकरसमोरचा कल्पित मायक्रोफोन मध्यावरून थोडा कडेकडे सरकवला, तशी स्वराची धार उतरली. मध्य वाढवला. आणि शेवटी, स्वर किती फाटावा हे ठरवणारी 'गेन'ची कळ त्याने निम्म्याहूनही खाली आणली.

"सर, आता कसा वाटतो?" त्याने विचारले. मी खरे ते सांगितले: एकटा ऐकला तर नाकात बोलल्यासारखा वाटतो. तो हसला. "एकटा कोण ऐकणार आहे?"

त्या एका वाक्यात सौंदर्यशास्त्राचा अर्धा धडा आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीच्या घाटाचा विचार केला. त्यांचा भर घटकांवर नसून घटकांच्या परस्परसंबंधांवर आहे. वर्गात आम्ही ते शिकवतो, आणि घरी येऊन एकेका सुंदर वाक्यावर जीव टाकतो. त्या संध्याकाळी तो नाकातला स्वर बेसच्या अंगाने वर चढला आणि मुलीच्या आवाजाखाली नेमका जाऊन बसला. तो मोठा नव्हता, पण त्याचा एकही सूर हरवला नाही.

परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. गेन खाली आणल्यामुळे तो मुलगा हळू छेडी तेव्हा स्वर स्वच्छ निघे. मनगटाचा जोर वाढला की तोच स्वर काठाशी फाटू लागे. आदल्या दिवशी सारेच फाटलेले होते, हळूही आणि जोरातही. म्हणून फाटण्याला अर्थच नव्हता. आज दोष हाताला उत्तर देत होता. खऱ्या व्हॉल्व्हचे वैशिष्ट्य हेच: तो आपल्यावर आलेला ताण लपवू शकत नाही. चांगले मॉडेलही त्या ताणाचेच गणित करते, निव्वळ आवाजाचे नव्हे. जोराचा आघात झाला की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो आणि पुन्हा सावरतो, ते धाप लागल्यासारखे खचणेसुद्धा हिशेबात धरले जाते. तेव्हा आवाज उसना की स्वतःचा, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. तो ज्याच्या हातात आहे त्याच्या ताणाला तो जाब देतो की नाही, यावरून ठरते, असे मी आता म्हणेन.

इतिहास याला अनुकूल साक्ष देतो. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ साली पहिला ॲम्प्लिफायर केला तो फेंडरच्या 'बॅसमन'ची सरळ नक्कल करून. आणि 'बॅसमन' स्वतः गिटारसाठी नव्हे, बेससाठी बनवलेला. पण नक्कल करताना जे भाग इंग्लंडात मिळत ते वापरावे लागले, स्पीकर निराळे आले, ऐकणारे आणि वाजवणारे निराळे; आणि त्यातून असा एक आवाज निघाला की आज मॉडेलर त्याची नक्कल करतात. १९६५ साली कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'च्या आरंभीची ती चाल फझ-टोनमधून वाजवली ती तात्पुरती, पुढे तेथे पितळी वाद्ये येतील या बेताने. ती आली नाहीत. उसन्या दोषाने उसन्या वाद्याचे सोंग घेतले होते, आणि तेच सोंग मूळ ठरले. कर्त्याची गरज आणि अडचण नकलेत शिरली की नक्कल बिघडते. आणि ते बिघडणे पुष्कळदा नव्या निर्मितीची सुरुवात असते.

म्हणून या यंत्रावरचा माझा खरा आक्षेप ते नक्कल करते हा नाही. ते अडचण शिल्लक ठेवत नाही, हा आहे. डेव्हिसने चिरलेला पडदा पुन्हा सांधता येण्याजोगा नव्हता. मॉडेलरमधली प्रत्येक चीर पुसता येते. जो निर्णय केव्हाही मागे घेता येतो तो घेतलाच जात नाही, आणि हजार टोन साठवलेला वादक एकही गाणे पुरे करीत नाही, असे घडते. दुसरे असे की, हे यंत्र परक्याचे दोष जिव्हाळ्याने जपते आणि स्वतःचा मात्र धुऊन काढते. फाटलेल्या स्वराचे उपस्वर गणिताच्या मर्यादेबाहेर, म्हणजे ४८,००० च्या निम्म्यापलीकडे गेले की ते दुमडून खाली येतात आणि मूळ स्वराशी नाते नसलेले बेसूर कण होतात. हा या माध्यमाचा अंगचा दोष. तो दिसू नये म्हणून निर्माते अधिक वेगाने हिशेब करण्याची खटपट करतात. काही थोडे वादक तो मुद्दाम वापरतातही. उद्याचा किझार्ट कदाचित त्यांच्यातूनच निघेल. आणि तिसरे, रसिकांविषयी: 'हा खऱ्यासारखा वाजतो का?' एवढा एकच प्रश्न ते विचारतात. डोळ्यांवर पट्टी बांधून खरा आणि खोटा ओळखण्याचे खेळ होतात. बहुरूप्याची परीक्षा एवढीच असते, गायकाची नसते.

स्नेहसंमेलनानंतर मी हस्तलिखित पुन्हा काढले. आजीची बोली पानोपान एकाच जोराने वाजत होती. तलाठ्याशी बोलतानाही तशीच आणि मुलाच्या प्रेतापाशीही तशीच. आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की, आजी असे बोलतच नसे. ती चार इयत्ता शिकलेली होती. परक्या माणसाशी ती जपून, पुस्तकी बोलण्याचा प्रयत्न करी, आणि तो प्रयत्न तिला साधतही असे. तिची वाक्ये मोडत ती रागाने, भीतीने, क्वचित फार आनंदाने. वहीत मी तिचे मोडलेले शब्द तेवढे टिपले होते. ते कशाच्या जोराने मोडले हे टिपले नव्हते.

या वर्षभरात मी त्या बोलीचा निम्म्याहून अधिक भाग कापला. काही सुंदर शब्द गेले. त्यांतले दोन-तीन आता माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नसतील, याचे वाईट वाटते. वही मी जपून ठेवली आहे. ज्या जागी बोली राहिली आहे तेथे ती मला तरी ऐकू येते. इतरांना येते की नाही हे माझ्या खोलीत बसून मला कळणार नाही. त्यासाठी हस्तलिखित पुन्हा बाहेर पाठवावे लागेल. पाकीट तयार आहे. दिवाळीची सुटी संपली की पोस्टात टाकीन.